पुढच्या प्रोसेसरची जागा

चाकणला जाणारी कंपनीची बस रोज सकाळी आमच्या चौकात थांबते आणि हॉर्न देते. स्पाइन रोडवर गाड्यांचा एवढा गोंगाट, पण तो हॉर्न सहाव्या मजल्यावर बरोबर ऐकू येतो. नोकरी गेली तरी आमचे मिस्टर त्या हॉर्नच्या आधी उठायचे, अंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, बूट चढवायचे. हॉर्न वाजायचा, बस निघून जायची, आणि हे पलंगाच्या कडेला बूट घालून बसून राहायचे. मी भोसरीला कामावर जायला निघाले तरी तिथंच, संध्याकाळी परत आले तरी तिथंच. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, काढा तरी ते बूट! घरात कोण बसतं असं?" त्यांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत पायांकडे.

मी मुळातच तोंडाची फटकळ. आमच्या लातूरकडं म्हणतात ना, बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात. पण समोरचा माणूस भांडलाच नाही तर एकटीनं किती बोलायचं?

मिस्टर टूलरूमला होते. गाडीचा पत्रा ज्या लोखंडी साच्यावर दाबून दाराच्या नाहीतर बॉनेटच्या आकाराचा होतो, त्या साच्याला डाय म्हणतात, आणि ते डाय जिथं बनतात ती टूलरूम. लग्न झालं तेव्हा हे ग्राइंडिंग मशीनवर होते, हाताला कायम मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास. मग संध्याकाळचे क्लास करून कॉम्प्युटरवर डाय डिझाइन करायला शिकले, केबिनमध्ये बसायला लागले. त्यांना केवढा अभिमान त्याचा! आणि मग कंपनीने ठरवलं की डिझाइन आता बाहेरून तयार येणार. चहाच्या सुट्टीनंतर बोलावून घेतलं, जेवणाच्या सुट्टीच्या आत सही घेतली. डबा तसाच भरलेला परत आला. मी तो उघडला आणि भेंडीची भाजी कचऱ्यात टाकताना मला रडू फुटलं.

मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे. तिचा फोन आला की हे म्हणायचे, "बरंय," आणि फोन माझ्याकडे द्यायचे.

एका रविवारी मी पीठ दळून आणलं. दार उघडलं तर पलंगावर कोणी नाही. गॅलरीत गेले तर हे कठड्याला दोन्ही हातांनी धरून खाली बघत उभे. आणि बूट काढलेले. उंबऱ्याच्या आत, नीट जोडीने लावून ठेवलेले. ज्या बुटांसाठी मी इतके दिवस डोकं फोडत होते, ते आज काढलेले बघून माझ्या हातातला डबा खाली पडला. सगळीकडे पीठच पीठ. त्या आवाजानं हे वळले आणि म्हणाले, "अगं, सांडलं की." मी त्यांच्या दंडाला धरून आत ओढलं. काय करत होतात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. शेजारणीला सांगितलं, कबुतरं फार घाण करतात हो, म्हणून बंद ठेवलीय. कपडे खिडकीत दोरी बांधून वाळवायला लागले. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "मला काय झालंय?" मी कामावर प्लास्टिकचे भाग तपासते, खराब निघाला की बाजूला टाकायचा. पण लक्ष कुठं लागायला! दर थोड्या वेळानं बाथरूममध्ये जाऊन घरी फोन करायचे. कधी "भात लावला का?", कधी "गॅस बंद आहे ना बघा", कधी "पाणी आलं का?" आमच्याकडे पाणी सकाळीच येतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी फोन उचलायचे आणि "हो" म्हणायचे. तेवढं "हो" ऐकायला मी फोन करत होते.

अशात त्यांचे जुने साहेब घरी आले. टूलरूमचे मुख्य होते, रिटायर झाल्यावर तळवड्याला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. चहा पिता पिता म्हणाले, "घरून काम कर. डाय बनवायच्या आधी पत्रा त्यात कसा बसेल, कुठं फाटेल, हे कॉम्प्युटरवर चालवून बघावं लागतं, तुला काय सांगायचं. एक जॉब देतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दे. जमलं तर पुढे नेहमीचंच."

किती दिवसांनी मिस्टरांनी बशीतला चहा संपवला! मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. हे काम जमलं तर माझा माणूस वाचेल, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

घरातला कॉम्प्युटर जुना, त्याला हे काम झेपणार नव्हतं. नवा घ्यायचा ठरला. आणि तिथून नवंच दुखणं सुरू झालं.

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बनवणाऱ्या दोन कंपन्या, एकमेकींच्या सवतीच. मिस्टरांना एकीचा घ्यावा की दुसरीचा, हे ठरेना. मला त्यातलं काय कळणार, पण ऐकून ऐकून पाठ झालं. एकीचा प्रोसेसर आजच्या घडीला वेगात पुढे, शिवाय त्याला ओव्हरक्लॉक करता येतं. म्हणजे कंपनीने जेवढा वेग ठरवून दिलाय त्याच्या वर ताणायचा. मी विचारलं, "म्हणजे ओव्हरटाइमच की?" तर म्हणाले, "तसंच म्हण." पण त्याची मेख अशी, की तो ज्या मदरबोर्डवर बसतो, त्या बोर्डवर पुढचा कुठलाच प्रोसेसर बसणार नाही. त्या घराण्यातला हा शेवटचा. दुसरीचा जरा मागे, ताणायलाही फारशी जागा नाही. पण त्याचा बोर्ड पुढेही चालणार. नवा प्रोसेसर आला की जुना उचलायचा, त्याच जागी नवा बसवायचा, बाकी काही बदलायला नको.

मी त्यांना एसटीची नावं देऊन टाकली. पहिला विनाथांबा, दुसरा मुक्कामी. हे ऐकून मिस्टर किंचित हसले, मला वाटलं आता गाडी निघाली. कुठली निघतेय! सकाळी हॉर्न वाजून गेला की पलंगावर बूट घालून मोबाईल हातात. हिंदीतून दोन पोरं तावातावानं भांडतायत, कुठला तापतो, कुठला पळतो. संध्याकाळी मी आले की तीच पोरं, तेच भांडण.

"काय करायलेत?"

"बघायलो गं."

"काय ठरलं?"

"विनाथांबा वेगात आहे. पण पुढं काही नाही."

"मग मुक्कामी घ्या."

"पण पुढचं कुणी बघितलंय?"

एके दिवशी माझा तोल सुटला. "अहो, मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात! पोह्यांत मीठ नव्हतं तरी! आणि या बोटभर चिपेपायी महिना घालवताय? दसरा तोंडावर आला! साहेब काय तुमच्यासाठी थांबणारायत?" असं बरंच बोलले. पोह्यांत मीठ नसल्याचं त्यांना अजून आठवत असेल असं वाटलं होतं, निदान त्यावरून तरी काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

हाच माणूस टूलरूममध्ये केसाच्या जाडीचा फरक हातानं ओळखायचा आणि तिथल्या तिथं सांगायचा, इथं घासा, इथं सोडा. त्याला आता कशाचंच काही सांगता येत नव्हतं, आणि का, ते मला समजत नव्हतं.

शेवटी मीच ओढत निगडीला नेलं. तिथं एक दुकान आहे, ताथवड्याच्या कॉलेजांतली पोरं, वाकडचे आयटीवाले सगळे मशीन बांधून घ्यायला तिथं येतात. दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्यानं साधं विचारलं, "भाऊ, ओव्हरक्लॉकिंग करणार की पुढे अपग्रेड? म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार आहे का? त्यावर सगळं ठरतं."

मिस्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग वळले आणि दुकानाबाहेर निघून गेले. मी मागे धावले तर लावलेल्या गाड्यांच्या रांगेत एका स्कूटरला टेकून उभे होते. "मला नाही सांगता येत," म्हणाले. "घरी चल."

पुढच्या सुट्टीला मी एकटी गेले आणि विनाथांबा घेऊन आले. विचार सरळ होता: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम द्यायचंय, तेवढं पार पडू दे. पुढचं पुढं. माझी नजर त्या एका दिवसापलीकडे जातच नव्हती. दुकानदारानं सामान बांधून देताना सांगितलं, "वहिनी, प्रोसेसरला काही झालं तर कंपनी बदलून देते, घाबरू नका. फक्त त्याच्या वर जी अक्षरं आणि नंबर कोरलेत ते नीट राहू द्या." घरी आल्यावर मी जसंच्या तसं सांगितलं. मिस्टर खोकी उघडत होते, "हूं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर घरातून गुणगुणण्याचा आवाज. मी दारातच थबकले. चप्पल न काढता आत डोकावले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर टीपॉयची काच उलटी ठेवलेली, काचेवर पॉलिश पेपर, त्यावर पाण्याचे थेंब. आणि हे मांडी घालून बसलेत, अनवाणी, आणि काहीतरी बोटांच्या चिमटीत धरून त्या पेपरवर हळूहळू घासतायत. आठाच्या आकारात फिरवत, मधेच उचलून उजेडात तिरकं धरून बघत.

"ये, ये, बघ!" मला म्हणाले. "ह्याच्यावर कूलर बसतो ना, गार ठेवायला. मी जरा ब्लू लावून बघितलं." टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकतात का, हे बघायला निळी शाई लावून दाबतात, जिथं टेकेल तिथं डाग उमटतो. "नुसता कडेला टेकतोय, मधे पोकळ! असला जॉब आमच्या टूलरूममधून बाहेर गेला नसता. म्हटलं सपाट करून घ्यावा."

त्यांच्या नाकावर निळा डाग होता. डोळे चमकत होते. घासून घासून प्रोसेसरचं ते धातूचं टोपण आरशासारखं झालं होतं, माझं तोंड दिसत होतं त्यात. अक्षरं गेली होती. एकही राहिलं नव्हतं. खरं सांगते, माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मी त्यांच्या नाकावरचा डाग बघत होते. त्या रात्री जेवायला मी मुरमुऱ्यांचा सुशीला केला, शेंगदाणे भरपूर घालून, आणि ह्यांनी परत मागून खाल्ला.

मशीन सुरू झालं, कामही सुरू झालं. पडद्यावर पत्र्याचा रंगीत नकाशा, कुठं ताण येतोय ते लाल. मला वाटलं सुटलो. पण ह्यांना चैन पडेना. जॉब चालू होता तरी मधेच थांबवायचे, वेग वाढवायचे, परत चालवायचे. पडदा गोठला की वीज थोडी जास्त सोडायचे, परत सुरू. "अजून जाईल," म्हणायचे. "अजून थोडा जाईल."

मी म्हटलं, "बास की आता! कामापुरतं झालं ना? अति तिथं माती."

"राखून काय करायचंय?" हे म्हणाले. "ह्या बोर्डवर पुढं कुणी येणार नाही. हाच शेवटचा. शेवटचाच आहे तर पूर्ण पिळून घ्यावा."

ते ज्या शांतपणे बोलले, ते मला आवडलं नाही. मी पर्समध्ये हात घालून गॅलरीची किल्ली चाचपली.

खंडेनवमीला दर वर्षी हे कंपनीतून झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे. तिथं पत्रा दाबायच्या सगळ्या प्रेस धुऊन पुसून, हार घालून पूजा होते, आणि पूजा झाली की त्या दिवशी मशीन कुणी चालवत नाही. या वर्षी मी घरीच पाट मांडला. त्यावर त्यांची मापं घ्यायची जुनी अवजारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, आणि शेजारी नवं मशीन. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. म्हटलं, "आता आजचा दिवस बंद ठेवा." त्यांनी बटण दाबलं. "देवाला सुट्टी आहे, मला नाही."

दुपारी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मशीनच्या पंख्याचा तो सततचा आवाज एकदम थांबला. बाहेर आले तर पडदा काळा. हे खाली वाकून वायरी काढतायत, लावतायत. परत बटण. परत. जुनी मेमरी लावून बघितली, दुसरी वायर लावून बघितली. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. मग उठले, पलंगाच्या कडेला बसले आणि बूट घातले.

"गेला," म्हणाले. "मीच मारला. कुणाचा दोष नाही."

दसऱ्याला कंपनीला सुट्टी, त्यामुळे सकाळी हॉर्न वाजला नाही. हे तरीही आंघोळ करून बूट घालून बसले होते. मी प्रोसेसर त्याच्या डबीत घातला, डबी खोक्यात, आणि निगडी गाठली. डोक्यात एकच: कंपनी बदलून देते म्हणाला होता. आज बदलून मिळाला तर आज बसेल, जॉब चालेल, उद्या रिपोर्ट जाईल. सगळं अजून हातात आहे.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मुहूर्ताची खरेदी! पोरं नव्या मशीनना हार घालून फोटो काढतायत, बाप पेढे वाटतायत. दुकानदारानं मला बघितलं, आधी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या वहिनी, सोन्यासारखं राहा." मग खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"वहिनी... हे कुणी घासलं?"

"मिस्टरांनी. सपाट नव्हता म्हणून."

"अहो, अक्षरंच नाहीत! कंपनीला दाखवू काय मी? हा कधीचा, कुठला, काहीच कळायला मार्ग नाही. ते हातसुद्धा लावणार नाहीत ह्याला."

मी म्हटलं, तुमच्याकडूनच नेला की, तुम्हीच दिला. म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. म्हटलं, उद्या काम द्यायचंय. तो मान हलवत राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, जरा बाजूला होता का?" आणि माझा बांधच फुटला. भर दुकानात, दसऱ्याच्या दिवशी, मी ओरडले, "अरे दादा, माझा माणूस जाईल रे! तुला कळतंय का? माझा माणूस जाईल!"

दुकानदारानं मला आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ही चिप गेली ती गेली. पण बोर्ड चांगला असेल तर मी परत घेतो, त्या पैशांत दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणि साधा प्रोसेसर बसवू. नाहीतर हाच नव्यानं विकत घ्या. पण कुठला, ते भाऊंनाच सांगू द्या. तुम्ही आधी घरी जा. त्यांना एकटं ठेवू नका."

पाण्याचा ग्लास ठेवला आणि सवयीनं पर्समध्ये हात घातला. किल्ली नव्हती. पूजेचं आवरताना मी झेंडूची पाकळी न् पाकळी गॅलरीतल्या कुंडीत नेऊन टाकली होती, कुलूप लावलं होतं, आणि किल्ली फ्रिजवर ठेवली होती. फ्रिजवर! त्यांच्या डोळ्यांसमोर.

फोन लावला. वाजतोय. उचलत नाहीत. आजवर एकदाही असं झालं नव्हतं. रिक्षात बसले, परत लावला. हार घातलेल्या गाड्या, हार घातलेल्या रिक्षा, चौकाचौकात वाहनं तुंबलेली. मी फोन लावतच होते. वाजून वाजून बंद व्हायचा, मी परत लावायचे. भात, पाणी, गॅस, कुठलं निमित्त सांगायचं तेही सुचत नव्हतं. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "ताई, पोचवतो, पोचवतो." बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी नवं वॉशिंग मशीन लिफ्टमध्ये चढवत होते. मी जिना धरला. कुठल्या मजल्यावर चप्पल निसटली माहीत नाही.

दार उघडलं. पलंग रिकामा. गॅलरीचं दार सताड उघडं. आणि उंबऱ्याच्या आत, बूट. जोडीने.

भिंतीला धरून गेले. हे गॅलरीत जमिनीवर बसले होते, कठड्याला पाठ लावून, पाय पसरून. शेजारी मोबाईल. तो अजून वाजत होता, माझ्याच फोनवरून. मी तो बंदही केला नव्हता.

मी त्यांना मारलं. खरंच मारलं, दोन्ही हातांनी, खांद्यावर, छातीवर, तोंडाला येईल ते बोलत. त्यांनी मारू दिलं. मग माझे हात धरले.

"खोटं नाही सांगत," म्हणाले. "त्याचसाठी आलो होतो."

मी खाली बसले.

"बूट काढले आणि फोन वाजला. म्हटलं थांबला की मग. थांबला, की परत वाजायचा. तू थांबतच नव्हतीस." मग म्हणाले, "उचलला असता तर तू विचारलं असतंस, भात लावला का. मग मी काय सांगितलं असतं?"

खाली कुणीतरी नवी गाडी आणली होती, चाकाखाली नारळ फोडल्याचा आवाज आला. मग तेच बोलायला लागले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सलग. "तो पोरगा विचारत होता ना, पुढं अपग्रेड करणार का. तुला वाटलं मला दोन प्रोसेसरांतलं ठरवता येईना. ते मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं गं, मुक्कामीच बरा. पण तो घ्यायचा म्हणजे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी नवा बसवायला मी असायला पाहिजे. मला वाटतच नव्हतं मी असेन. मग कशाला घ्यायचा? आणि विनाथांबा घ्यावा म्हटलं, तर माझ्या मनातलं तुला कळेल असं वाटायचं."

आणि तो विनाथांबा मीच आणून दिला होता. मी त्यांचा हात सोडला नाही. म्हटलं, "डॉक्टरकडे चलायचं. उद्याच." ते हो म्हणाले. मी परत विचारलं, परत हो म्हणाले. मग दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं. हाच नव्यानं घ्यायचा की दुसरा, ते भाऊंनाच सांगू द्या, एवढंच. माझ्याकडून एक शब्द जास्त टाकला नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल!

त्यांनी मोबाईल उचलला आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, उद्या रिपोर्ट नाही होत. मशीन माझ्या हातानं जळालं. हा जॉब दुसऱ्या कुणाला द्या." थोडं थांबले. "पुढचा मला ठेवा."

साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. हे नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत होते. फोन ठेवून उठले, आत आले, मशीनमधला बोर्ड काढून पिशवीत घातला, बूट घातले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बूट घालून पलंगावर न बसता दाराबाहेर पडले. जिन्यात त्यांनाच माझी चप्पल सापडली.

दुकानात गर्दी तशीच होती. दुकानदारानं बोर्ड बघितला, ठीक आहे म्हणाला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मिस्टरांना तोच प्रश्न विचारला, मुद्दाम विचारला की सवयीनं, कोण जाणे. "भाऊ, ओव्हरक्लॉकिंग की पुढे अपग्रेड?"

"अपग्रेड," हे म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून खाकरले आणि परत म्हणाले, "अपग्रेड. पुढचा कधी येतोय?"

"पुढच्या वर्षी म्हणतात. नक्की नाही अजून."

"आला की मला फोन कर. मी येईन न्यायला."

दुकानदारानं नंबर विचारला. हे एकेक आकडा सावकाश सांगत होते, आणि मी मागे उभी राहून तो बरोबर सांगतात का, ते ऐकत होते.